दाराबाहेरचे ईशस्तवन
विस्मृत ख्रिस्ती तबकड्या आणि डहाणू-तलासरीचा तारपा

ख्रिस्ती धर्मसंगीत म्हटले म्हणजे शहरांतील सुशिक्षित गृहस्थांच्या डोळ्यांपुढे एक ठराविक देखावा उभा राहतो. उंच छताचे प्रार्थनामंदिर, ऑर्गनचा धीरगंभीर नाद, हातांत पुस्तक घेऊन उभी असलेली मंडळी आणि चार चरणांचे एक संथ गीत. हा देखावा खोटा आहे असे नाही. परंतु चावडी पाहून साऱ्या गावाची कल्पना करावी, तितकाच तो अपुरा आहे. ख्रिस्ती उपासनेच्या इतिहासात ज्या गाण्यांना प्रार्थनामंदिराच्या दारातच अडविण्यात आले, ज्यांच्या तबकड्या दुकानदारांनी ठेवून घेतल्या नाहीत व पुढे ज्या अडगळीत पडल्या, अशा गाण्यांचीही एक मोठी परंपरा आहे. अमेरिकेत विजेच्या गिटारीवर गायिलेली भक्तिगीते हा तिचा एक भाग होय. मुंबईपासून आगगाडीने काही तासांच्या वाटेवर असलेल्या डहाणू व तलासरी ह्या तालुक्यांतील वारली, कोकणा, धोडिया इत्यादि लोकांच्या वाद्यांचा आणि गीतांचा प्रश्न हा तिचाच दुसरा भाग. वरवर पाहता ह्या दोहोंत काडीचाही संबंध दिसत नाही. परंतु भांडण दोन्हीकडे एकच आहे: जे वाद्य परक्या दैवताचे किंवा नाचतमाशाचे म्हणून ओळखले जाते, त्यावर देवाचे गाणे म्हणावे की म्हणू नये?

प्रथम अमेरिकेकडे पाहावे. रॉक ह्या नावाचे जे संगीत पुढे जगभर पसरले, ते बरेचसे कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांतूनच बाहेर पडले होते. टॉमस डॉर्सी हा शिकागोचा पियानोवादक आरंभी ब्लूज गाण्यांची, म्हणजे गुत्त्यांत आणि नाचघरांत चालणाऱ्या गाण्यांची साथ करीत असे. १९३० च्या सुमारास त्याने तीच वळणे भक्तिगीतांत आणली, तेव्हा अनेक पाद्र्यांनी त्याच्या रचनांस आपल्या मंदिरांत मज्जाव केला. सिस्टर रोझेटा थार्प (१९१५–१९७३) हिने तर विजेची गिटार गळ्यात अडकवून ईशस्तवन गायिले. १९४४ साली मुद्रित झालेले तिचे एक भक्तिगीत पुढच्या वर्षी लौकिक गाण्यांच्या खपाच्या यादीत चढले, आणि आता रॉकच्या उगमाचा शोध घेणारे अनेक जाणकार त्या तबकडीपाशी येऊन थांबतात. असे असूनही रॉक संगीताच्या स्मृतिमंदिरात ह्या बाईला स्थान मिळावयास २०१८ साल उजाडावे लागले. जे संगीत देवळात जन्मले तेच बाहेरून फिरून परत आले, तेव्हा देवळाच्या लोकांनी त्याला ओळखले नाही, असेच म्हणावयाचे.

पुढे १९६८ साली ‘इलेक्ट्रिक प्रून्स’ नावाच्या वाद्यवृंदाच्या नावावर ‘मास इन एफ मायनर’ ही दीर्घ तबकडी निघाली. तीत शब्द लॅटिन मिस्साचे आणि साथ कर्कश विजेच्या गिटारींची! गंमत अशी, की डेव्हिड ॲक्सलरॉड ह्या रचनाकाराने लिहिलेले ते स्वरलेखन त्या तरुणांना पुरते वाजविता येईना. तेव्हा भाडोत्री वादक आणून काम तडीस न्यावे लागले. त्यातील प्रारंभीची प्रार्थना पुढील वर्षी ‘ईझी रायडर’ ह्या चित्रपटात वाजली आणि ज्यांनी कधी देवळाची पायरी चढली नव्हती अशा लक्षावधी लोकांच्या कानांवर पडली. वेस्ट व्हर्जिनियातील ‘माइंड गराज’ ह्या मंडळीने हाच प्रयोग खऱ्याखुऱ्या उपासनेत केला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात भटक्या, लांबकेशी तरुणांचे थवेच्या थवे येशूच्या भजनी लागले आणि त्यांचे गाणे त्यांच्या अंगावरच्या कपड्यांसारखेच निघाले. लॅरी नॉर्मन हा त्यांचा सर्वांत बुद्धिमान गायक. त्याची ‘अपॉन धिस रॉक’ ही तबकडी १९६९ साली कॅपिटॉलसारख्या बड्या कंपनीने काढली. ती खपली नाही आणि कंपनीने त्याला सोडून दिले. १९७२ साली लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ‘ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट’मध्ये त्याने केवळ पापपुण्याच्या गोष्टी न गाता युद्ध व वर्णद्वेष ह्यांवरही आपल्या देशाला खडे बोल सुनावले आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-नोंदवहीत तिचा समावेश २०१३ सालच्या निवडीत झाला, म्हणजे निघाल्यापासून चाळीसएक वर्षांनी. ‘अगापे’ ह्या चमूची ‘गॉस्पेल हार्ड रॉक’ (१९७१), शिकागोच्या ‘रेझरेक्शन बँड’ची ‘अवेटिंग युअर रिप्लाय’ (१९७८) ह्यांची नावे तर संग्राहकांपलीकडे फारशी कोणास ठाऊकही नाहीत.

ह्या तबकड्या मागे का पडल्या, ह्याचे कारण संगीतात शोधण्यापेक्षा दुकानदारीत शोधणे बरे. धार्मिक पुस्तके विकणाऱ्यास ढोलाचा दणका आणि वेष्टनावरचे लांब केस नकोत. लौकिक तबकड्या विकणाऱ्यास येशूचे नाव नको. ह्या दोन उंबरठ्यांच्या मधल्या जागेत जे उभे राहिले ते कोणाच्याच घरात गेले नाहीत. पुष्कळांनी पदरमोड करून थोड्याशाच प्रती काढल्या आणि सभा संपल्यावर हातोहात विकल्या. ह्यातील सर्वच माल उत्तम होता असे मुळीच नाही. पुष्कळ गीतांची पदरचना बाळबोध आहे, आणि भक्तीचा उमाळा हा बेसूर गळ्यावरचा इलाज नव्हे. परंतु जे टाकाऊ होते त्याच्याबरोबर जे टिकाऊ होते तेही वाहून गेले.

ह्या वादाचा मुंबईशी एक जुना आणि मनोरंजक संबंध आहे. १८८२ साली फ्रेडरिक टकर व त्याचे तीन सहकारी साल्व्हेशन आर्मीच्या वतीने मुंबईस उतरले, ते हिंदी पोशाख करून. वाद्ये वाजवीत रस्त्याने मिरवणूक काढली म्हणून त्यांना पोलिसांनी अटक केली, आणि ‘देवाचे गाणे रस्त्यावर वाजवावयाचे की नाही’ हा प्रश्न मुंबईच्या न्यायालयात गेला! ह्याच संस्थेने विलायतेत नाटकशाळांतील उडत्या चाली, त्यात शॅम्पेनच्या स्तुतीच्या गाण्याचीही चाल आली, भक्तिगीतांसाठी खुशाल उचलल्या होत्या. आणि पुढे तिनेच आपल्या गणवेशधारी तरुण-तरुणींच्या हाती गिटारी देऊन ‘जॉयस्ट्रिंग्ज’ हा चमू उभा केला. मराठी वाचकांस ह्यात नवल वाटू नये. नाटकातील पदाच्या चालीवर भजन बसविणे आणि चित्रपटातील गाण्याच्या चालीवर गणपतीपुढे आरती म्हणणे ह्या गोष्टी आपल्याकडे घरोघर झालेल्या आहेत, आणि त्यांवर नाके मुरडणारेही घरोघर झालेले आहेत.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती गीतकारांनी हा प्रश्न पुष्कळच समंजसपणे सोडविला होता. टॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. ओवी हे छंदच असे, की ती कानावर पडली की मराठी माणसास परकेपणा उरत नाही. उत्तर कोकणच्या मराठीत फ्रान्सिस्कु वाझ द गिमारांइश ह्याने येशूच्या दुःखभोगाचे काव्य रचले. ते १६५९ साली प्रसिद्ध झाले. त्या वेळी वसईपासून डहाणूपर्यंतचा किनारा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता आणि तो मराठ्यांच्या हाती यावयास १७३९ साल उजाडले. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरास कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घालण्यास हातभार लावला, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनी अभंग व पदे रचून मराठी ख्रिस्ती मंडळीस तिची स्वतःची वाणी दिली. विलायती चालींत कोंबलेल्या, ओढाताणीच्या भाषांतरित गीतांनंतर टिळकांचे पद ऐकणे म्हणजे बंद खोलीतून ओसरीवर येण्यासारखे आहे.

परंतु येथेच एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. टिळकांनी जे देशी रूप स्वीकारले ते कोणाचे? ते वारकऱ्यांचे, कीर्तनकारांचे, म्हणजे देशावरच्या मराठी समाजाचे. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर ना दिंडी जात होती, ना हरिदासाचे कीर्तन रंगत होते. तेथील वारल्यास विलायती गीत आणि तुकारामाच्या वळणाचा अभंग ही दोन्ही सारखीच दूरची. त्याची बोली मराठीच्याच कुळातली असली तरी पुस्तकी मराठीहून पुष्कळ निराळी. त्यातून हा मुलूख सीमेवरचा. १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा लगतचे उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. अशा ठिकाणी ‘देशी संगीत’ हा शब्द उच्चारताना जरा थांबावे लागते.

ह्या भागात मिशनांचे काम दोन बाजूंनी आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील चर्च ऑफ द ब्रेदरन ह्या पंथाचे मिशनरी बलसाडाकडून खाली डहाणूस आले. त्यांनी शाळा काढल्या, रुग्णालय चालविले. हा पंथ साधेपणाचा कट्टर भोक्ता. त्याच्या मायदेशी उपासनेत वाद्य नसावे असा दंडक विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पाळला जात होता. ज्यांना ऑर्गनही चैनीचा वाटे, त्यांच्यासमोर तारप्याचा प्रश्न कोणत्या स्वरूपात उभा राहिला असेल ह्याची कल्पना करणे कठीण नाही. १९७० साली नागपूर येथे उत्तर भारतीय मंडळीची स्थापना झाली, तीत हा पंथही सामील झाला. दुसरी बाजू कॅथलिकांची. तलासरीस जेझुइटांनी चालविलेले ‘ज्ञानमाता सदन’ हे तिचे प्रमुख ठाणे. १९९८ साली मुंबईच्या धर्मप्रांतापासून वसईचा धर्मप्रांत निराळा काढण्यात आला, तेव्हा हे तालुके त्याकडे आले. मिशनांच्या कार्याविषयी धर्मांतराच्या अंगाने जे वाद झाले ते प्रसिद्धच आहेत व येथे त्यांचा पाल्हाळ नको. गाण्याच्या अंगाने मात्र फारच थोड्यांनी ह्या प्रश्नाकडे पाहिले आहे.

आता तारपा म्हणजे काय ते नीट पाहिले पाहिजे. वाळलेला दुधी भोपळा पोकळ करून त्याच्या निमुळत्या अंगाने फुंकावयाचे. भोपळ्याच्या दुसऱ्या टोकास बांबूच्या दोन नळ्या बसवितात, त्यांच्या आत कंप पावणाऱ्या पात्या असतात, आणि नळ्यांच्या शेवटी ताडाची पाने गुंडाळून केलेला लांब कर्णा. सर्व सांधे मेणाने बुजवितात. गारुड्याच्या पुंगीचा हा थोरला भाऊच म्हणावा. परंतु पुंगी हातभर तर तारपा कधीकधी माणसाएवढा. वादक नाकाने श्वास घेत गालांतला वारा सोडीत राहतो, त्यामुळे सूर मुळीच खंडित होत नाही. नवे पीक तयार झाले की ह्या वाद्याचे दिवस येतात. वादक मध्ये, आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेस विळखा घातलेली स्त्रीपुरुषांची साखळी. चाल बदलली की पावले बदलतात. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) ह्या डहाणू तालुक्यातील थोर चित्रकाराने शेण-मातीच्या रंगावर पांढऱ्या रेघांनी काढलेली ती सर्पाकार साखळी आता शहरांतील दिवाणखान्यांत टांगलेली असते. चित्र घरात आले. आवाज मात्र अजून बाहेरच आहे.

ह्या वाद्यावर छापील पुस्तकातील गीत वाजविता येईल काय? येणार नाही, आणि त्याची कारणे धर्मशास्त्रात नसून वाद्याच्या घडणीत आहेत. गीताला चरण असतात, चरणाला शेवट असतो, शेवटी श्वास घ्यावयास जागा असते. तारप्याला थांबणेच माहीत नाही. गीताची चाल सप्तकभर वरखाली हिंडते. तारप्याच्या नळीवर स्वर मोजकेच. एक भोपळा दुसऱ्यासारखा नसतो, म्हणून एका तारप्याचा सूर दुसऱ्याशी जुळेलच असे नाही, मग हार्मोनियमशी जुळण्याची गोष्टच सोडावी. शिवाय तारप्याचे मुख्य नाते शब्दांशी नसून पावलांशी आहे. तेव्हा तारपा उपासनेत आणावयाचा म्हणजे उभ्या राहिलेल्या मंडळीने पुस्तक खाली ठेवून वर्तुळात चालू लागावयाचे. विजेच्या गिटारीविषयी अमेरिकेतील पाद्र्यांची जी खरी तक्रार होती ती हीच: हे संगीत कानाशी न बोलता आधी अंगाशी बोलते.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे व तिची टवाळी करून भागणार नाही. तारप्याचा संबंध पिकापाण्याच्या दैवतांशी, नारनदेवासारख्या देवांच्या पूजनाशी आहे. ज्याने नवा धर्म मनापासून पत्करला त्यास जुन्याची आठवण करून देणारा प्रत्येक नाद सलतो. पुष्कळदा बाहेरून आलेल्या पाद्र्यापेक्षा नवख्रिस्ती स्वतःच अधिक कडक असतो. उलट दुसरा पक्ष म्हणतो, की पाऊस आणि पीक देणाऱ्याचे आभार मानण्यासाठीच जर हे वाद्य जन्मले, तर त्याच आभारासाठी ते चर्चच्या अंगणात का वाजू नये? ह्या दोन्ही उत्तरांचे लोक ख्रिस्ती समाजात आहेत.

तारप्यापेक्षाही नाजूक प्रश्न धवलेरीचा आहे. वारल्यांचे लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे लग्नगीते जाणणारी स्त्री. घराच्या भिंतीवर सुवासिनी चौक लिहितात, त्यात पालघट देवीची स्थापना होते, आणि धवलेरी आपल्या गीतांनी देवदेवतांना लग्नास बोलावते. तिचे गाणे हेच लग्नाचे मंत्र. के. जे. सावे ह्यांचा वारल्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला. त्याच साली तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध सभा भरविली, आणि त्या लढ्याची हकीगत गोदावरी परुळेकर ह्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात पुढे सांगितली. जागे होण्याच्या त्या काळात जुन्या चालीरीतींवर चहूंकडून नवे वारे वाहू लागले होते. परंतु लग्न पाद्र्याने वेदीपुढे लावले म्हणजे धवलेरीने करावयाचे काय? पुरुषांचे वाद्य निदान अंगणात, स्नेहसंमेलनात, पाहुण्यांपुढे वाजू शकते. धवलेरीचे गीत विधीवाचून गाता येत नाही. विधी गेला की गीतही गेले, आणि त्याबरोबर समाजात पुरोहिताचा मान असलेली स्त्रीही मागे सरली. रॉक-गीतांची तबकडी नाही खपली तर गाणाऱ्याचे पैसे बुडतात. येथे बुडते ती विद्या.

असा पेच इतरत्रही पडला होता आणि काही ठिकाणी तो सुटलाही. बेल्जियन काँगोत गिदो हाझेन ह्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने तेथील मुलांच्या तोंडी लॅटिन मिस्सा त्यांच्याच पद्धतीने घातली. ती ‘मिस्सा लुबा’ १९५८ साली तबकडीवर आली. अर्जेंटिनाच्या आरिएल रामिरेझ ह्याने १९६४ साली ‘मिसा क्रिओला’ रचली, तीत डोंगराळ मुलखातील ढोल व तंतुवाद्ये आहेत. ह्या दोहोंच्या मध्ये, डिसेंबर १९६३ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेचा जाहीरनामा काढून लोकभाषांना वाव दिला आणि मिशनच्या मुलखांतील लोकांच्या परंपरागत संगीतास योग्य मान देण्यास सांगितले. तेव्हा कॅथलिकांपुरते तरी नियमाने दार उघडले आहे. पण उघड्या दारातून आत काय न्यावयाचे हे ठरविणाऱ्यास आधी ते संगीत कानांनी माहीत असावे लागते, आणि अडचण येथेच येते.

ध्वनिमुद्रणाने ही अडचण कितपत दूर केली? ग्रियर्सनच्या भाषापाहणीत निरनिराळ्या बोलींचे नमुने गोळा करताना बायबलातील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त ठिकठिकाणी भाषांतरित करून घेतला होता, व पुढे कित्येक बोलींच्या तबकड्याही काढण्यात आल्या. हेतू भाषाशास्त्राचा, पण अप्रत्यक्षपणे ती ख्रिस्ती कथेची तबकडी ठरली! १९३९ साली लॉस एंजेलिस येथे जॉय रिडरहॉफ ह्या बाईने ‘गॉस्पेल रेकॉर्डिंग्ज’ ही संस्था काढली. ज्या बोलींना छापील पुस्तक नाही त्यांत लहान लहान प्रवचने व गीते मुद्रित करून वाटणे हे तिचे कार्य. वीज नसलेल्या वस्तीसाठी ह्या संस्थेने पुठ्ठ्याची घडी घालून उभे राहणारे, हाताने फिरवावयाचे यंत्रही तयार केले. तबकडी बोटाने किंवा काडीने फिरवावी, सुईचा कंप पुठ्ठ्यानेच मोठा करावा. फिरविणाऱ्याचा हात चुकला की देवदूताचा आवाज राक्षसासारखा व्हावयाचा. संगीताच्या इतिहासकारांनी ह्या तबकड्यांची गणती कोणत्याच आल्बमांत केली नाही.

१९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि हिंदुस्थानात खेडोपाडीच्या गायकांना बड्या कंपनीवाचून आपले गाणे मुद्रित करता येऊ लागले. त्या सोयीचा फायदा भजनी मंडळांप्रमाणे ख्रिस्ती मंडळींनीही घेतला. परंतु फितीवरचा चुंबकीय लेप किनाऱ्याच्या दमट हवेत फार काळ टिकत नाही. त्यावर बुरशी धरते, थर एकमेकांस चिकटतात, आणि अशी फीत कौतुकाने यंत्रात घालून वाजविली तर लेप सुटून गाणे कायमचे जाते. तिच्यावरची बुरशी आधी जाणत्या हाताने काढावी, मग एकदाच वाजवावी आणि त्याच वेळी प्रत काढून घ्यावी, हा ध्वनिसंग्रहालयांचा सामान्य नियम आहे. प्रत निघाली तरी अर्धेच काम होते. गायक कोण, पाडा कोणता, साल कोणते आणि मूळची चाल लग्नातली की नाचातली, हे फितीवर लिहिलेले नसते. ते त्या पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांस विचारावे लागते. धवलेरीची विद्या तर कानांनीच शिकावयाची असल्यामुळे तिची वही कोठे सापडावयाची नाही.